अपुऱ्या दिवसांची लेक



अपुऱ्या दिवसांच्या बाळाबद्दल आपल्याकडे कुणी फारसं मोकळेपणानं बोलत नाही. "सातव्या महिन्यातलं आहे," एवढं म्हणून बायका विषय बदलतात. त्यामुळे जिच्यावर ही वेळ येते तिला काहीच माहीत नसतं. आमची लेक ३० व्या आठवड्यात जन्मली. वजन १,१८० ग्रॅम. ४१ दिवस आम्ही रुग्णालयात होतो. आता ती पाच वर्षांची आहे आणि हे लिहिताना मागून माझी वेणी सोडते आहे. ओळखीतल्या दोन-तीन मुलींनी गेल्या वर्षात याबद्दल विचारलं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते. उपचार डॉक्टरांनीच सांगायचे. आईनं आणि घरच्यांनी काय करायचं, आणि आपल्यासारख्या घरात कोणते प्रश्न उभे राहतात, तेवढंच मी सांगणार आहे.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलं तर ते बाळ अपुऱ्या दिवसांचं. माझा रक्तदाब सातव्या महिन्यात वाढला. पायाला सूज, डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे चमकायचं. पुण्यात होतो, लगेच दाखल करून घेतलं. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शनं देतात, बारा बारा तासांनी चार. माझी दोन झाली आणि रक्तदाब आवरेना, म्हणून रात्रीच सिझेरियन करावं लागलं. लेक एकदा बारीक आवाजात रडली, मांजराच्या पिल्लासारखी. मला दाखवून लगेच आत नेली.

आता पहिला प्रश्न आला तो सांगते, कारण तो आपल्या घरातला आहे.

आपल्या फुप्फुसात द्राक्षाच्या घडासारखे हवेचे बारीक फुगे असतात. त्यांच्या आतून एक स्निग्ध थर असतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो नसला तर श्वास सोडल्यावर फुगे मिटतात आणि ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटतात. पुढचा प्रत्येक श्वास घ्यायला बाळाला पुन्हा तितकाच जोर लावावा लागतो, आणि काही तासांत ते थकतं. हा थर पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. १९५९ साली मेरी एलन एव्हरी या अमेरिकन डॉक्टरबाईंनी दाखवून दिलं, की या बाळांच्या फुप्फुसांत नेमकं हेच कमी असतं. पण उपाय हाती नव्हता. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेचौतीस आठवड्यांचा जन्मला आणि याच आजारानं दोन दिवसांच्या आत गेला. अध्यक्षाच्या घरातही काही करता आलं नाही. १९८० साली जपानच्या फुजिवारा यांनी दहा बाळांच्या फुप्फुसांत बाहेरून सर्फॅक्टंट सोडलं आणि तो उपाय लागू पडला.

ते सर्फॅक्टंट गाईच्या फुप्फुसांतून काढलेलं होतं. आजही जी औषधं वापरतात ती बहुतेक गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसांतूनच काढतात.

डॉक्टरांनी यांना संमतीचा कागद दिला, त्यात हे लिहिलेलं होतं. "पहिल्या दोन तासांत दिलं तर जास्त उपयोग होतो," असं त्या म्हणाल्या. हे कागद घेऊन माझ्याकडे आले. मी शुद्धीवर होते, पण कमरेखाली बधिर. यांनी वाचून दाखवलं. आमच्या घरात मध येत नाही, जिलेटिन आहे का हे बघूनच औषधाची कॅप्सूल घेतात. मी विचारलं, "दुसरं काही आहे?" हे म्हणाले, "आत्ता नाही." मी म्हटलं, "द्या." सही झाली. एका बारीक नळीनं ते औषध तिच्या श्वासनलिकेत सोडलं. तासाभरात तिचा प्राणवायू निम्म्यावर आणता आला.

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावाहून पहाटेच्या गाडीनं आल्या. त्यांनी आयुष्यभर व्रतं सांभाळलेली. त्यांच्यापासून लपवायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. यांनी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोरगीला विचारून कुणी मारलं न्हाई. पर तिच्यासाठी कुणाचा तरी जीव गेलाय, ते इसरायचं न्हाई."

मैत्रिणींनो, हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारायचंच म्हणून केलेली ती संकल्पी. घरकामात होते ती आरंभी, पोटापाण्याच्या व्यवसायात होते ती उद्योगी, आणि स्वतःचं किंवा आपल्या माणसांचं रक्षण करताना होते ती विरोधी. श्रावकाला पूर्ण सोडायला सांगितली आहे ती संकल्पी. आमचा तो निर्णय यातल्या कुठल्या खान्यात बसवायचा यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत, आणि मी शास्त्राचा निकाल म्हणून काही सांगत नाही. आम्ही काय करतो ते सांगते. तिच्या दर वाढदिवसाला केक-फुग्यांऐवजी पांजरापोळात चाऱ्याचे पैसे देतो, आणि ते का देतो हे तिला सांगतो. याच्यानं हिशोब फिटला असं आम्ही मानत नाही. पण असा कागद उद्या कुणापुढे आला, तर तिला आधी माहीत असावं की हा प्रश्न येतो आणि विचार करायला वेळ थोडा असतो. घरात आधीच बोलून ठेवा.

दुसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं. दाराशी सिस्टरनं सांगितलं, बांगड्या, अंगठी, घड्याळ सगळं काढायचं आणि कोपरापर्यंत हात धुवायचे. दागिन्यांखाली जंतू राहतात आणि या बाळांची प्रतिकारशक्ती अगदीच कमी असते. माझ्या हातात डोहाळजेवणाचा हिरवा चुडा होता. सिस्टर कापायला कात्री शोधायला लागल्या, तेव्हा आत्तींनी त्यांना थांबवलं. साबण लावून एकेक बांगडी त्यांनी स्वतः उतरवली, रुमालात बांधली आणि कमरेला खोचली. बाळंतिणीचे मोकळे हात बघून त्यांचा चेहरा उतरला होता, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. तुमच्या घरात अशी वेळ आली तर सासूबाईंना हे कारण आधीच समजावून सांगा.

काचेच्या पेटीत ती होती. नाकाला हवेच्या दाबाची नळी, पायाच्या अंगठ्याला लाल दिवा, डोळ्यांवर पट्टी, वरून निळा प्रकाश. तो प्रकाश काविळीसाठी असतो. पेटीवर पाटी होती, "बेबी ऑफ" आणि पुढे माझं नाव. बारावा दिवस आला आणि गेला, बारसं काही झालं नाही. ४१ दिवस ती त्याच नावानं ओळखली गेली.

आईला पहिल्या आठवड्यात वाटतं की आपलं इथं काही काम नाही. तसं नाही. दूध हे काम फक्त आपलं आहे.

एवढ्या लहान बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांनंतर जमू लागतो. तोवर नाकातून किंवा तोंडातून पोटात सोडलेल्या नळीनं दूध देतात. पहिल्या दिवशी तिला दर दोन तासांनी दीड मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. पण मला तेवढंही येईना. जेमतेम थेंब-दोन थेंब चीक आला. सिस्टर म्हणाल्या, "तेवढाच आणा, गालाच्या आत लावू." उरलेलं दूध दूधपेढीतून आलं. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, गोठवून ठेवतात. आपल्याकडे मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली अशी पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली.

आत्तींनी सिस्टरला विचारलंच, "त्या बाईचं खाणंपिणं कसं असतंय?" सिस्टर म्हणाल्या, "आजी, ते मला माहीत नाही. तिचं पण बाळ इथंच आत होतं, एवढं माहीत आहे." आत्तींनी पुन्हा विचारलं नाही. चौथ्या दिवशी मला दूध आलं, आणि पाचव्या आठवड्यापर्यंत लेकीला पुरून उरायला लागलं. मग रोज सकाळचं जास्तीचं दूध मी पेढीत द्यायला लागले. बाटली नेऊन द्यायचं काम आत्तींनी आपल्याकडे घेतलं होतं.

दूध टिकवायचं तर चोवीस तासांत आठ ते दहा वेळा काढावं लागतं, रात्रीसुद्धा. बाळ अंगाशी नसताना, यंत्राच्या किंवा हाताच्या जोरावर. पहाटे तीनला पोटात आगीसारखी भूक लागायची. आत्ती स्वतः सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. पण माझ्या उशाशी त्यांनी डिंकाच्या लाडवाचा डबा आणि थर्मासमध्ये गाळून उकळलेलं पाणी ठेवलेलं असायचं. "बाळंतिणीला आणि आजाऱ्याला सूट असती," म्हणायच्या. दुपारच्या डब्यात हाळिवाची खीर, शेपूची भाजी, तुपातली भाकरी, जेवण झालं की ओवा-बाळंतशेपा. लसूण नाही म्हणून दूध कमी पडेल असं शेजारच्या खाटेवरच्या आजी सांगायच्या. तसं काही झालं नाही. दूध येतं ते काढत राहिल्यानं, पोटभर खाल्ल्यानं आणि झोपेनं.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, "आजपासून छातीवर घ्या." याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या. तिथल्या डॉ. रे यांनी आयांच्या उघड्या छातीवर बाळं बांधायला सुरुवात केली. आईच्या अंगाची ऊब पेटीचं काम करते. गरिबांचा उपाय म्हणून सुरू झालेली ही गोष्ट आता सगळीकडे मान्य झाली आहे. २०२१ साली भारतासह पाच देशांत केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडचं काम दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झालं होतं. जन्मल्याबरोबर, बाळ स्थिर व्हायची वाट न बघता छातीवर घेतलेल्या बाळांत पहिल्या महिन्यातले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं तशी शिफारस केली. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा, कधीपासून घेऊ.

पहिल्यांदा छातीवर ठेवली तेव्हा तिचं वजन कळलंच नाही. ऊबच आधी कळली. सिस्टरनं वरून आत्तींचं जुनं धुवट पातळ गुंडाळलं. मी चार तास बसायचे, संध्याकाळी ऑफिसातून येऊन हे दोन तास बसायचे. वडिलांनी घेतलं तरी चालतं, आजीनं घेतलं तरी चालतं. स्वच्छता पाळायची आणि सर्दी-खोकला असेल तर घ्यायचं नाही, एवढंच.

सगळ्यात जास्त भीती वाटायची ती श्वास थांबण्याची. या बाळांचा मेंदू श्वास घ्यायला मधूनच विसरतो. वीस सेकंदांहून जास्त थांबला तर तो धोक्याचा. यंत्र वाजायला लागतं, सिस्टर येऊन तळपायाला हळूच चोळतात आणि बाळ पुन्हा श्वास घेतं. यासाठी औषध काय देतात माहीत आहे? कॅफिन. कॉफीत असतं तेच. चहाही न पिणाऱ्या आत्ती त्या दिवसांत एकदाच हसल्या, "जल्मल्या जल्मल्या कॉफी प्यायला लागली का बया!"

छातीवर असताना मी मनात णमोकार म्हणायचे. कायोत्सर्गात आपण सत्तावीस श्वासोच्छ्वासांत नऊ णमोकार म्हणतो, एका णमोकाराला तीन श्वास. माझ्या श्वासावर मंत्र धरायला गेले तर तिचा श्वास मोजायचा राहायचा, कारण ती मिनिटाला पन्नासेक श्वास घ्यायची. तिचे सत्तावीस श्वास अर्ध्या मिनिटात संपायचे. मग मी मंत्र सोडून नुसतं मोजायला लागले. सत्तावीस झाले की पुन्हा एकपासून. माझ्या सामायिकात मन इतकं एका जागी कधी राहिलेलं नव्हतं.

समोरच्या पेटीतलं बाळ सोळाव्या दिवशी गेलं. त्याची आई जतकडची होती, आम्ही एकाच बाकावर बसून दूध काढायचो. त्या दुपारी तिला काय बोलावं ते मला सुचलं नाही. आत्तींनी तिच्याशेजारी बसून तिचे केस विंचरले आणि घट्ट वेणी घातली. तिच्या नवऱ्यानं सामान आणलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "तुझीचं वजन किती झालं आज?" मी सांगितलं, "वीस ग्रॅम वाढलं." ती "बरं झालं" म्हणाली आणि गेली. अपुऱ्या दिवसांची सगळी बाळं घरी येत नाहीत, आणि आमची आली ती आमच्या पुण्याईनं असं मी कधीच म्हणत नाही. त्या आईनंही काही कमी केलं नव्हतं.

वजनाचं सांगते, कारण नातेवाईक रोज फोन करून तेच विचारतात. पहिल्या आठवड्यात वजन उतरतं. आमचं १,०७० वर आलं होतं. जन्माच्या वजनावर परत यायला बारा दिवस लागले. त्यानंतर रोज किलोमागे पंधरा ग्रॅम वाढलं तरी पुष्कळ. मी शेवटी घरच्यांना सांगितलं, वजन विचारू नका, वाढलं की मी कळवेन. डबा पाठवा आणि यांना दोन तास झोपू द्या.

३३ वा आठवडा पार झाल्यावर नळीच्या जोडीनं चमच्यानं दूध सुरू झालं. आत्तींनी गावाकडून चांदीचं बोंडलं आणलं होतं, यांच्यावेळचं. सिस्टरनं ते उकळून घेतलं आणि म्हणाल्या, "आम्ही पण असंच वापरतो, आमचं स्टीलचं." बाटली दाखवलीसुद्धा नाही. मग हळूहळू अंगावर.

तिसाव्या दिवसाची डोळ्यांची तपासणी मात्र कुणीही चुकवू नका. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर नको तशा रक्तवाहिन्या वाढू शकतात. बाहेरून काहीच दिसत नाही. वेळेत कळलं तर लेझरनं दृष्टी वाचते. फार लहान बाळांची तपासणी त्याहूनही आधी करतात. बाळ तोवर घरी आलेलं असलं तरी घेऊन जायचं. आमच्या लेकीला तीन वेळा बोलावलं, डोळे ठीक निघाले. कानाची तपासणीही घरी सोडण्याआधी करून घ्या.

१,८२० ग्रॅमवर आम्हाला घरी सोडलं. आपल्यात पंचेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळाला मंदिरात नेतात, बाळाच्या कानात णमोकार म्हणतात. डॉक्टरांनी गर्दीत न्यायला मनाई केली होती. आत्ती म्हणाल्या, "देव कुठं जातोय?" त्या दिवशी त्यांनी घरीच तिच्या कानात मंत्र म्हटला. मंदिरात आम्ही तीन महिन्यांनी गेलो, दुपारी, कुणी नसताना. आणि तिचं नाव ठेवलं ते त्याच दिवशी.

घरी आल्यावर पाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. आईच्या दुधाशिवाय आणि डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांशिवाय तोंडात काही नाही. गुटी नाही, पाणी नाही, डोळ्यांत काजळ नाही. बघायला येणाऱ्यांनी हात धुवायचे, मुका घ्यायचा नाही. लशी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या, पण बसणं, रांगणं, चालणं हे ठरलेल्या तारखेपासून मोजायचं. आमची लेक दहा आठवडे आधी आली, म्हणून तिच्या सगळ्या गोष्टींना अडीच महिने उशीर झाला, आणि तो उशीर नव्हताच. बायका विचारायच्या, "अजून बसत नाही?" आत्ती सांगायच्या, "बसंल की. तिचं दिवस आमी मोजतोय, तुमी नका मोजू."

तुमच्या ओळखीत कुणी आज त्या काचेच्या दारापुढे बसली असेल तर तिला हे वाचून दाखवा. आणि जाताना बिनलसणाचा का होईना, गरम डबा घेऊन जा.

जय जिनेंद्र.